आखूड केसांची माशी, फिकट बाळे आणि पेशीतला पहारेकरी

आजचा धागा लांब आहे. सवडीने वाचावा. विषय जीवशास्त्राचा वाटेल, पण तो सांगणारा मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि मला यात रस आहे तो कागदपत्रांच्या प्रवासामुळे.

साल १९३८. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन या दोन डॉक्टरांनी चार बालकांची हकिकत प्रसिद्ध केली. जन्मानंतर लवकरच ही बालके फिकट पडत गेली होती. रक्तातील पांढऱ्या पेशी ठीक होत्या, प्लेटलेट्सही ठीक होत्या. तांबड्या पेशी तेवढ्या तयार होत नव्हत्या. दोन वर्षे आधी ह्यू जोसेफ्स या डॉक्टरांनीही अशा बालकांची नोंद केली होती, पण आजाराला नाव लागले ते डायमंड आणि ब्लॅकफॅन यांचे. हाताशी उपाय एकच होता: बाहेरून रक्त देत राहणे.

आता पंधरा वर्षे मागे, १९२३ मध्ये जाऊ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांची प्रसिद्ध ‘माश्यांची खोली’ होती. दुधाच्या बाटल्यांत केळ्यांवर वाढवलेल्या फळमाश्या आणि त्या डोळ्यांत तेल घालून तपासणारे तरुण संशोधक. त्यांपैकी कॅल्विन ब्रिजेस यांना काही विचित्र माश्या सापडल्या होत्या. पाठीवरचे राठ केस आखूड आणि बारीक, वाढ संथ, प्रजनन कमजोर. ब्रिजेस आणि मॉर्गन यांनी त्यांना ‘मिनिट’ म्हटले. हा शब्द घड्याळातला नव्हे. अर्थ चिमुकला, सूक्ष्म. जनुकाची एक प्रत बिघडली तर माशी अशी होई, दोन्ही बिघडल्या तर जगतच नसे. पुढे जॅक शुल्ट्झ यांनी १९२९ मध्ये दाखविले, की असा बिघाड एका जागी नसून गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी विखुरलेला आहे आणि परिणाम मात्र सगळीकडे सारखाच. इतक्या वेगवेगळ्या जागा आणि माशी मात्र एकच, असे का व्हावे?

आणखी मागे, १८९६. ज्युसेप्पे पियानेझे या इटालियन अभ्यासकाने कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो, त्याला न्यूक्लिओलस म्हणतात. कर्करोगाच्या पेशींत हा ठिपका फुगलेला आणि वेडावाकडा दिसतो, असे त्यांनी नोंदविले. ठिपक्याचे काम काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

पेशवे दफ्तरात काम केलेल्या कोणालाही विचारा. एकाच घटनेचे दोन कागद दोन वेगळ्या रुमालांत बांधलेले असतात आणि दोन्ही रुमाल एकाच टेबलावर उघडेपर्यंत घटना कळत नाही. येथे तर तीन रुमाल तीन वेगळ्या इमारतींत होते. मुलांचे डॉक्टर माश्यांविषयीचे निबंध वाचत नव्हते, माश्यांचे अभ्यासक गाठींचे काप पाहत नव्हते.

ही तिन्ही दप्तरे एकाच यंत्रणेची होती. ती म्हणजे पेशीत प्रथिने घडविणारी यंत्रणा, रायबोसोम. या यंत्रणेच्या जोडणीत खोळंबा झाला की पेशीत एक घंटा वाजते, ती घंटा पेशीचे विभाजन थांबविते आणि कर्करोगाला आडवी येते. हे सिद्ध व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

आधी यंत्राची ओळख. गंमत अशी, की रायबोसोमचा माग कर्करोगाच्या शोधातच लागला. पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखविले होते, की कोंबडीच्या गाठीचा, पेशी गाळून काढलेला अर्क निरोगी कोंबडीला टोचला तर तिलाही गाठ येते. तो कारक पदार्थ वेगळा काढावा म्हणून बेल्जियमहून आलेले आल्बेर क्लोद न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गाठींचा लगदा जोराने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालू लागले. तळाशी आरएनएने समृद्ध असे सूक्ष्म कण बसले. क्लोद यांनी प्रामाणिकपणे पडताळा म्हणून निरोगी कोंबडीच्या भ्रूणाचा लगदाही फिरविला, तर तेथेही तसेच कण! हाती लागले ते रोगाचे कारण नव्हते, प्रत्येक पेशीची नित्याची सामग्री होती. मला हा पडताळा फार मोलाचा वाटतो. तो न करता ‘कर्करोगाचे कण सापडले’ असे जाहीर करणे सहज शक्य होते.

पुढचे थोडक्यात. जॉर्ज पॅलेड यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण स्पष्ट दाखविले. १९५८ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स यांनी ‘रायबोसोम’ हे नाव सुचविले. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी आफ्रिकी नखी बेडकाच्या अशा पिल्लांचा अभ्यास केला, ज्यांच्या पेशींत न्यूक्लिओलस नव्हताच. ही पिल्ले रायबोसोमचा आरएनए नव्याने बनवू शकत नव्हती आणि लवकरच मरत. म्हणजे पियानेझे यांचा गडद ठिपका हा रायबोसोम घडविण्याचा कारखाना होता! कर्करोगाच्या पेशीत तो फुगलेला का, याचा उलगडाही त्यातच आहे. भराभर विभागणाऱ्या पेशीला प्रथिने भरमसाट लागतात, म्हणून रायबोसोमही भरमसाट लागतात.

माणसाच्या एका रायबोसोममध्ये आरएनएचे चार धागे आणि सुमारे ८० प्रथिने असतात. त्याचे दोन भाग, लहान आणि मोठा. लहान भागातील प्रथिनांना ‘एस’ आणि मोठ्या भागातील प्रथिनांना ‘एल’ हे अक्षर व क्रमांक लावतात. ही अक्षरे लक्षात ठेवा, पुढे लागतील. जोमाने वाढणारी मानवी पेशी मिनिटाला सुमारे ७,५०० असे भाग जुळविते, असा अंदाज आहे. पेशीच्या खर्चाचा फार मोठा वाटा या एका कामावर जातो. (रायबोसोमची अणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. एवढा एक धागा आपल्या अंगणातला.)

१९८५ मध्ये मिनिट माश्यांपैकी एकीचे बिघडलेले जनुक शोधून वाचण्यात आले. ते रायबोसोमच्या एका प्रथिनाचे निघाले. मग दुसरे, तिसरे. शुल्ट्झ यांच्या कोड्याचे उत्तर मिळाले. जागा अनेक, कारण रायबोसोमचे भाग अनेक. माशी एकच, कारण यंत्र एकच.

१९९९ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील गटाच्या पुढाकाराने फिकट बाळांचे पहिले जनुक सापडले. एस-१९. तेही रायबोसोमचेच प्रथिन. बॉस्टनच्या मुलांचा आजार आणि न्यूयॉर्कच्या माश्यांचा दोष एकाच कुळातला निघाला. दोन्ही दप्तरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर होते. त्या एकत्र यायला पाऊणशे वर्षे लागली.

येथे जाणता वाचक हरकत घेईल. रायबोसोम कमी, म्हणून प्रथिने कमी, म्हणून वाढ कमी. सरळ हिशेब. यात घंटा कसली आणि कर्करोगाचा संबंध काय? बरीच वर्षे शास्त्रज्ञही असेच समजत होते. हा समज कसा ढळला, ते पाहण्यासाठी चौथे दप्तर उघडावे लागेल, पी-५३ चे.

१९७९ मध्ये अनेक प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी एक प्रथिन सापडले. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि अरनॉल्ड लेव्हिन. शिवाय इतरही काही जण. माकडांतील एका विषाणूने बाधित झालेल्या पेशींत विषाणूच्या प्रथिनाला ते चिकटलेले होते. वजन ५३ हजार डाल्टन भासले म्हणून नाव पी-५३. खरे वजन सुमारे ४४ हजार आहे. नावातच चूक, आणि ती आजतागायत तशीच आहे.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. पी-५३ कर्करोग घडविते, असे १९८४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले आणि पाच वर्षे सर्वांनी ते मानले. पण प्रयोगशाळांतून फिरत असलेल्या जनुकाच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने चित्र पालटले. शुद्ध पी-५३ पेशीला कर्करोगाकडे जाण्यापासून रोखते. गाठींत ते गमावलेले किंवा बिघडलेले असते. ज्याला दरोडेखोर समजत होते तो पहारेकरी निघाला. सदोष नकलेवरून इतिहास लिहिला गेल्याची उदाहरणे आपल्याही क्षेत्रात कमी नाहीत, म्हणून हसू नये. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या एकाच जनुकात बिघाड असतो.

पहारेकऱ्यालाही आवर लागतो. निरोगी पेशीत पी-५३ सतत जागे राहिले तर पेशी विभागणारच नाही. हा आवर घालणारे प्रथिन म्हणजे एमडीएम-२. ते पी-५३ ला पकडते आणि नष्ट करवते. १९९२ मध्ये लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत ही जोडी उघडकीस आली. १९९५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले, की एमडीएम-२ काढून घेतलेला उंदीर गर्भातच मरतो. एमडीएम-२ आणि पी-५३ दोन्ही काढले तर मात्र जन्मतो. नात्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. एमडीएम या नावातला शेवटचा ‘एम’ म्हणजे ‘मिनिट’. उंदराच्या काही पेशींत जोडीजोडीने आढळणाऱ्या चिमुकल्या गुणसूत्र-तुकड्यांना ‘डबल मिनिट’ म्हणतात आणि हे जनुक तेथे सापडले म्हणून नाव ‘माउस डबल मिनिट’. मिनिट माश्यांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. संबंध पुढे निघाला, पण नावामुळे नव्हे.

आता या इतिहासातील मला सर्वांत बोलका वाटणारा कागद. साल १९९४. लेव्हिन यांच्याच प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. एमडीएम-२ ला पेशीतून ओढून काढले की त्याला चिकटून आणखी एक प्रथिन येते, असे त्यात म्हटले होते. हे प्रथिन होते एल-५, रायबोसोमच्या मोठ्या भागातले. पुरावा समोर, छापील, प्रतिष्ठित नियतकालिकात. आणि जवळजवळ नऊ वर्षे त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

असे का व्हावे? एक कारण त्या काळातील विचाराची चौकट. १९९२ मध्ये लेन यांनी पी-५३ ला जनुकसंचाचा रक्षक म्हटले होते आणि तेव्हापासून पी-५३ म्हणजे डीएनएच्या इजेला दिलेले उत्तर, हे समीकरण पक्के झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रायबोसोमची प्रथिने पेशीत विपुल असतात, त्यामुळे कोणत्याही प्रयोगात ती कशालाही चिकटून येतात. संशोधक त्यांना कचरा मानून बाजूला टाकतात. शिवाय ही जनुके ‘घरकामाची’. घरकामाचा कारस्थानाशी काय संबंध? आपणही मराठेशाहीचा अभ्यास करताना मोहिमा आणि तहनामे वाचतो. अठरा कारखान्यांचे हिशेब वाचणारे थोडेच. कोठी रिकामी पडली म्हणून मोहीम अडली, हे मग आपल्याला उशिरा कळते.

कोंडी २००० मध्ये फुटू लागली. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे जॉर्ज थॉमस यांच्या प्रयोगशाळेत सिनिशा व्होलारेविच आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदराच्या यकृतातून एस-६ या प्रथिनाचे जनुक काढून टाकले. यकृताचा मोठा भाग कापला तरी ते पुन्हा वाढते, हे सर्वांना माहीत आहे. जनुक काढलेल्या उंदरांचे यकृत उपासानंतर पुन्हा अन्न मिळताच नेहमीसारखे आकाराने वाढले, कारण पेशींत जुने रायबोसोम शिल्लक होते आणि प्रथिने बनत होती. पण यकृत कापल्यावर पेशींनी विभागण्यास नकार दिला. प्रथिनांची टंचाई नसताना पेशी थांबल्या. म्हणजे त्या उपाशी नव्हत्या, त्यांना कोणीतरी थांबविले होते. ‘सरळ हिशेब’ येथे मोडला. पुढे व्होलारेविच मायदेशी क्रोएशियातील रिएका येथे परतले. तेथे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले, की एस-६ ची एकच प्रत असलेले उंदराचे भ्रूण अगदी सुरुवातीला मरतात आणि पी-५३ काढून टाकले तर ते त्या टप्प्यापलीकडे जातात. थांबविणारा सापडला होता.

दरम्यान २००३ हे साल गजबजलेले गेले. कॅरन व्हाउस्डेन यांच्या गटाने आणि यानपिंग झांग यांच्या गटाने स्वतंत्रपणे सांगितले, की रायबोसोमचे एल-११ हे प्रथिन एमडीएम-२ ला धरते आणि मग पी-५३ साचू लागते. त्याच वर्षी इंग्लंडमधील यॉर्क येथे कार्लो रूबी आणि जो मिल्नर यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. पेशींवर सूक्ष्म छिद्रांची चाळणी ठेवून त्यांनी अतिनील किरण सोडले, म्हणजे केंद्रकाचा छिद्राखाली आलेला तेवढाच भाग भाजला. डीएनएला भरपूर इजा झाली तरी न्यूक्लिओलस शाबूत असेपर्यंत पी-५३ जागे झाले नाही. न्यूक्लिओलस विस्कटला की मात्र लगेच जागे झाले. म्हणजे डीएनएची इजा ही पहारेकऱ्यापर्यंत पोहोचणारी एकमेव वर्दी नव्हती. एक मोठी वर्दी कारखान्यातूनच जात होती. मागोमाग २००४ मध्ये एल-५ आणि एल-२३ यांचीही नावे आली आणि १९९४ चा निबंध कपाटातून बाहेर निघाला.

यंत्रणा आज अशी समजली जाते. एल-५, एल-११ आणि ‘५-एस’ नावाचा आरएनएचा छोटा धागा, हे तिघे आधी एकमेकांना बिलगतात आणि मग एकत्रच रायबोसोमच्या मोठ्या भागात बसविले जातात. कारखाना नीट चालू असेल तर ते तेथे खपतात. पण जोडणी अडली, एखादा भाग आला नाही, आरएनएचा पुरवठा तुटला, तर हे त्रिकूट बिनकामाचे मोकळे राहते. मोकळे राहिले की ते एमडीएम-२ ला जाऊन धरते. एमडीएम-२ चे हात अडकले की पी-५३ नष्ट होत नाही, साचते आणि पेशीचे विभाजन रोखते. प्रसंगी पेशीला मरणही देते. तिघांतला आरएनए वगळला तर हे काम होत नाही, हे २०१३ मध्ये दोन गटांनी दाखविले.

या व्यवस्थेचे मर्म असे, की वर्दी देण्यासाठी वेगळा जासूद नेमलेला नाही. न लागलेला सुटा भागच वर्दी देतो. बांधकामावर विटांचा ढीग तसाच पडून राहिला तर काम बंद आहे हे गावाला कोणी सांगावे लागत नाही, तसेच हे.

पण हे सारे परीक्षानळीतले आणि ताटलीतले. खऱ्या प्राण्यात ही घंटा कर्करोग रोखते का? निर्णायक उत्तर २०१० मध्ये झांग यांच्या गटाने दिले. एमडीएम-२ मध्ये त्यांनी एका अमिनो आम्लाचा बदल केला. हा बदल मानवी गाठीत आढळलेला होता. त्यामुळे एल-५ आणि एल-११ यांना एमडीएम-२ धरता येईना. बाकी सारे काम पूर्ववत. असे उंदीर नेहमीसारखे वाढले, डीएनएला इजा केली तर त्यांचे पी-५३ नेहमीसारखे जागे झाले. फक्त कारखान्याची घंटा कापलेली होती. मग या उंदरांचा संकर मिक जनुक अतिरेकी चालणाऱ्या उंदरांशी केला. मिक हे जनुक पेशीला वाढण्यासाठी चाबूक मारणारे, आणि रायबोसोमचे उत्पादन वाढविणे हे त्याचे एक मुख्य काम. अशा उंदरांना रक्तपेशींचा लिम्फोमा होतोच. घंटा कापलेल्यांना तो बराच लवकर झाला आणि ते लवकर मेले. म्हणजे कर्करोगाकडे निघालेली पेशी रायबोसोमचा कारखाना वारेमाप चालवते तेव्हा हीच घंटा तिच्या आड येते.

एवढ्यावर कथा संपती तर सुखान्त झाली असती. पण फिकट बाळांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तेथे हीच घंटा रोग बनते.

त्या बाळांच्या अस्थिमज्जेत एस-१९ अपुरे असते, त्यामुळे जोडणी अडते, सुटे भाग उरतात आणि पी-५३ जागे होते. कर्करोगाचा काहीच धोका समोर नसताना निरपराध पेशी मारल्या जातात. तांबड्या पेशींच्या पूर्वजांना थोड्या अवधीत प्रचंड हिमोग्लोबिन बनवायचे असते, म्हणून त्यांना याची झळ अधिक लागते. २००८ मध्ये ग्रेगरी बार्श यांच्या गटाला काळसर पंजांचे काही उंदीर अभ्यासताना कारण सापडले. एस-१९ किंवा एस-२० बिघडलेले, त्यामुळे पी-५३ जागे, त्यामुळे त्वचेत रंगपेशी वाढलेल्या. त्यातील एस-१९ बिघडलेल्यांना रक्तक्षयही होता. पी-५३ काढले की पंजे पुन्हा फिकट.

प्रौढांतही याचे भावंड आहे. बेल्जियमच्या हर्मन व्हान डेन बर्ग यांनी १९७४ मध्ये एक रक्तविकार वर्णिला, ज्यात पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा गळालेला असतो. रुग्ण बहुधा वयस्क, स्त्रिया अधिक, रक्तक्षय तीव्र. गळालेल्या तुकड्यात चाळीसएक जनुके होती. दोषी कोणते? २००८ मध्ये बेंजामिन एबर्ट आणि सहकाऱ्यांनी एकेक जनुक दाबून पाहिले आणि बोट एस-१४ वर ठेवले. पुन्हा रायबोसोम. २०१० मध्ये केंब्रिजच्या गटाने उंदरात तोच तुकडा गाळला, रक्तक्षय झाला. पी-५३ ही काढले, रक्तपेशींचे पूर्वज सावरले.

मग पी-५३ बंद करून ही बाळे बरी करावीत? प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर धास्तीचे आहे. १९९९ नंतरच्या दशकात एक विसंगती सर्वांना छळत होती. घंटा सतत वाजते आहे तर या मुलांना कर्करोग कमी व्हायला हवा. २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेतील रुग्णनोंदींतून नेमके उलट निघाले. या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे पाचपट होते.

या विसंगतीची चाहूल माशांनी आधीच दिली होती. हे मासे, माश्या नव्हेत. २००४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स आणि ॲडम ॲमस्टरडॅम झेब्रा माशांच्या शेकडो बिघडलेल्या वाणांचे पालन करीत होते. बारा वाणांत गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांतील अकरा वाणांत रायबोसोमच्या प्रथिनांची, पण प्रत्येकी वेगळ्या प्रथिनाची, जनुके बिघडलेली होती. त्याच संशोधकांनी २००८ मध्ये त्या गाठी उघडून पाहिल्या, तर त्यांत पी-५३ चे जनुक शाबूत, त्याची आरएनए प्रतही तयार, पण पी-५३ हे प्रथिनच नाही. कारखाना इतका लंगडा झाला होता, की पहारेकरीच घडत नव्हता.

दुसरे स्पष्टीकरण माणसाला अधिक लागू पडते. घंटा वर्षानुवर्षे वाजत राहिली तर जिच्यात पी-५३ योगायोगाने बिघडले, त्या पेशीला मोठीच मोकळीक मिळते. बाकीच्या थांबतात, मरतात. ती विभागत राहते. पाचव्या गुणसूत्राच्या त्या विकारात काही रुग्णांच्या रक्तात पी-५३ बिघडलेल्या पेशींचे लहान गट आढळतात आणि अशांचा आजार ल्युकेमियाकडे वळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पहारेकऱ्याला औषधाने झोपविण्याचा विचार करणारा डॉक्टर दहादा थबकतो. कर्करोगाच्या पेशी कधी घंटेचा भाग चोरूनही नेतात. २०१३ मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेन येथील गटाने मुलांतील एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या रुग्णांत पाहिले, तर दहापैकी साधारण एकाच्या पेशींत एल-५ किंवा एल-१० बिघडलेले होते.

आता शेवटचे दप्तर, आणि ते पुन्हा बॉस्टनलाच नेते. १९४० मध्ये सेल्मन वॅक्समन आणि बॉइड वुडरफ यांनी मातीतील जिवाणूंपासून ॲक्टिनोमायसिन नावाचे द्रव्य काढले. जंतुनाशक म्हणून ते निरुपयोगी ठरले, कारण जनावरांना ते अतिविषारी होते. १९५० च्या दशकात सिडनी फार्बर यांनी ते लहान मुलांच्या मूत्रपिंडातील विल्म्स गाठीवर वापरले. फार्बर हे ज्या रुग्णालयात डायमंड आणि ब्लॅकफॅन यांनी ती चार बाळे पाहिली, तेथलेच. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या जोडीला हे द्रव्य दिल्यावर, पूर्वी हातची गेली असती अशी मुले वाचू लागली.

ते काम कसे करते, हे तेव्हा कळण्यासारखे नव्हते. पुढे दिसले, की ते डीएनएला चिकटून आरएनए बनणे थांबविते. अगदी अल्प मात्रेत तर ते निवडून रायबोसोमच्या आरएनएचेच उत्पादन तोडते. कारखाना अडतो, एल-५ आणि एल-११ मोकळे होतात, एमडीएम-२ अडकते, पी-५३ साचते. २००३-०४ च्या त्या प्रयोगांत घंटा वाजवायला संशोधक वारंवार हेच द्रव्य वापरीत होते, आणि २०१० च्या घंटा कापलेल्या उंदरांच्या पेशी याच द्रव्याला दाद देईनात. रुग्णाला देतात त्या मात्रेत ते आणखीही बरेच काही करते, त्यामुळे मुले केवळ या घंटेमुळे वाचली असे म्हणणे पुराव्यापलीकडे जाईल. पण फार्बर यांच्या वॉर्डात त्या मुलांच्या शिरेतून जे औषध जात होते, ते त्याच रुग्णालयात १९३८ साली नोंदविलेल्या आजाराची यंत्रणा जागी करीत होते, आणि खाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती.

ॲक्टिनोमायसिन आजही विल्म्स गाठीच्या उपचारात दिले जाते. फिकट बाळांना आजही रक्त आणि स्टेरॉइड देतात. काहींना अस्थिमज्जा बदलून देतात.